चहाचा डाग आणि सासूबाईंचा गुडघा

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगाच्या आठ अंगांत गुडघेही मोजतात म्हणे. तर गुडघे तेवढे वगळून बाकीच्या अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघ्यांचा विषय पुढे इतका येणार आहे की ते आत्तापासून झिजवायला नकोत.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य या खेपेला पत्राची सुरुवात करायची म्हणून लिहिलेलं नाही. खरोखरच खुशाल आहोत, इतके की मला एका जागी बसवत नाहीये. तुझी खुशाली मात्र तुझ्या पत्रावरून धड कळली नाही. पोट बरं नसतं, एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून याही खेपेला येणं रद्द, असं तू लिहिलंस. तुझ्या जावयानं ते वाचलं आणि 'मावशींना म्हणावं हलकं खा' एवढा सल्ला देऊन तो मॅच बघायला गेला. पोटाकडे मी शेवटी वळते. आधी बातमी सांगू दे, नाहीतर माझंच पोट फुटेल.

बातमी अशी की लाँड्री विकायची नाही! रंगाच्या दुकानाचा मालक, जो गेले कित्येक महिने येऊन आमच्या भिंती मोजत होता, तो आपली मोजपट्टी गुंडाळून गेला. सासूबाई आज सकाळपासून मोठ्या इस्त्रीपाशी उभ्या आहेत, कुठल्याशा हॉटेलचे पडदे दाबतायत आणि गुणगुणतायत. (सूर पूर्वीसारखाच आहे, म्हणजे नाहीच. पण मध्यंतरी तो अजिबात बंद पडला होता, त्यामुळे आता तो बेसूर कानावर आला की मला आनंदानं रडूच येतं.) हे पत्र मी गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहितेय. अक्षर कुठे हललेलं दिसलं तर तो दोष मोठ्या मशीनचा. ते कपडे पिळायला लागलं की टेबलापासून माझ्या दातांपर्यंत सगळं थरथरतं. आणि हे सगळं घडलं कसं ते मी फक्त तुलाच सांगू शकते, कारण घरातल्या पुरुषांना वाटतंय की सासूबाईंचा गुडघा बरा झाला.

सासूबाईंना तू लग्नात पाहिलंस तेवढंच, आणि लग्नात सगळ्याच सासवा हसऱ्या असतात. दुकानात पाहायला हव्यास. त्यांची दोन तत्त्वं आहेत. पहिलं, वस्तू जागेवर ठेवा. कात्री खिळ्यावर, टाचण्या डबीत, पावत्या तारेत, सून गल्ल्यावर. घरात कोणी झोपेतसुद्धा हात वर केला तर त्या 'जागेवर ठेव' म्हणतात. दुसरं तत्त्व डागाचं. तुला सांगते मावशी, या जगात कपड्यावर फक्त चहा सांडतो. इतकी वर्षं मी गल्ल्यावर बसतेय, पण एकही गिऱ्हाईक असं आलं नाही ज्यानं डाग पुढे करून 'चहाचा आहे' असं म्हटलं नाही. कॉलरवर लाल ओठ उमटलेले असतात, तो चहा. शर्टाला दारूचा भपकारा येत असतो, तोही चहाच. सासूबाई तो डाग उजेडात धरतात, एकदा नाकापाशी नेतात, आणि मग त्या माणसाची जी काही धुलाई होते ती आमच्या एकाही मशीनमध्ये होत नाही. खरं सांगा कशाचा आहे ते, चुकीचं औषध लावलं तर डाग पक्का बसतो, मग माझ्याकडे रडत येऊ नका! माणसं खाली मान घालून कबुली देतात. तुझा जावई लग्नाआधी तीन-चार गोष्टी कबूल करून बसला होता तो या भीतीनंच.

तर अशा या बाईंना मागच्या हिवाळ्यात गुडघा झाला. (गुडघा दुखायला लागला असं म्हणायला हवं, पण घरात आम्ही गुडघा झाला असंच म्हणायचो, गोवर होतो तसा.) आधी त्या स्टुलावर बसेनात. बसल्या तर एका बाजूला कलून, बस आता सुटणार आहे अशा बसायच्या. गुणगुणणं बंद झालं. सिनेमाला येईनात, बहिणीकडे जाईनात, सासऱ्यांनी बाजूला बसून चार शब्द बोलायचं म्हटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. विचारलं की एकच उत्तर, गुडघा. आणि एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आता दुकान होत नाही, विकून टाकूया, पलीकडचा रंगवाला केव्हापासून मागे लागलाय. मावशी, माझ्या हातातला घास हातातच राहिला. सासूबाईंनी लाँड्री विकायची म्हणजे माशानं पाणी विकायला काढण्यासारखं झालं. त्या घरी बसून काय करणार? आम्हालाच धुणार! पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्यांचा चेहराच उतरला होता, इस्त्री न केलेल्या सुती झग्यासारखा, आणि मला मनापासून भीती वाटली की ही बाई आता संपत चालली.

मग गुडघ्यावर उपचार सुरू झाले. सासऱ्यांनी कुठूनसं एक तेल आणलं. त्या तेलाचा वास असा, की धुतलेले कपडे परत धुवायला टाकावे लागले. तुझ्या जावयानं पट्टा आणला. शेवटी सगळी वरात हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला, आणि म्हणाले की इतके देखणे गुडघे मी या वयात पाहिलेले नाहीत, या गुडघ्यांवर बाई अजून दोन लाँड्र्या चालवतील. सासरे खूश झाले. सासूबाई इतक्या संतापल्या की परत येताना कोणाशी बोलल्या नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! (यातला रेडा म्हणजे सासूबाई नव्हेत. हे पत्र चुकून त्यांच्या हाती लागलं तर तेवढं नोंदवून ठेवते.)

मला शंका यायला लागली होती, पण अक्कल माझीही गुडघ्यातच अडकली होती. ज्यांचा गुडघा दुखतो त्या माळ्यावर चढून गाठोडी कशा काढतात? आणि बसायचं म्हटलं की का कळवळतात? अंघोळीला जातात त्या तासभर बाहेर का येत नाहीत? जंतुनाशकाची बाटली, जी फरशी पुसायला महिना महिना पुरते, ती आठवड्यात कशी संपते? फरशी तर मीच पुसते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी रंगवाला बोलणी पक्की करायला येणार होता. दुकानात एक गृहस्थ पांढरी पँट घेऊन आले. डाग चहाचा होता, अर्थात. सासूबाईंनी तो हुंगला, पण नेहमीचा आवाज काही लागेना, नुसतंच पुटपुटल्या की खरं सांगा, लपवलेला डाग पक्का बसतो. गृहस्थ निघून गेले. मावशी, माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण मी म्हटलं, "आई, आणि तुमचा गुडघा कशाचा आहे?"

सासूबाईंनी पँटेची घडी घातली, मोडली, परत घातली. मला वाटलं आता आपण गल्ल्यावरून कायमच्या उठलो. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "चहाचा."

आणि हुंदका देऊन रडल्या. मीही रडले. (पुढचं गिऱ्हाईक दारातनंच परत गेलं. त्याला वाटलं असेल, इथे कपडे हरवले वाटतं.) मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जळजळ होते, खाजतं, वास येतो असं वाटतं, लोकांशेजारी बसायची लाज वाटते, नवऱ्याशेजारीसुद्धा. आपण इतक्या स्वच्छ, आपल्याला हे असं कसं, म्हणून दिवसातून तीनदा साबण, वर जंतुनाशक, तेही आतपर्यंत, आणि जितकं धुवावं तितकं वाढतंच. सांगणार कोणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आजूबाजूला पुरुष, म्हणून बाई म्हणाली गुडघा, आणि सगळ्यांनी मिळून तिच्या गुडघ्याला तेल लावलं.

यावरून मला आपलं घर आठवलं. आपल्याकडे या सगळ्या मुलखाला 'पोट' म्हणायचे, आठवतं ना? मी मोठी झाले तेव्हा तूच मला बाजूला घेऊन सांगितलंस की मामांनी विचारलं तर पोट दुखतंय म्हण. त्यानंतर मला कित्येक वर्षं खरोखरचं पोट दुखलं की काय म्हणावं ते कळायचं नाही. इकडे गुडघा आहे. शेजारच्या ब्यूटी पार्लरवालीच्या माहेरी 'कंबर' होती म्हणे. एवढी बडबडी आपण माणसं, कढईला पाच नावं देतो, पण या एका जागेला नाव द्यायची वेळ आली की सगळं शरीर फिरून येतो आणि भलत्याच ठिकाणी थांबतो.

तर त्या संध्याकाळी सासूबाईंनी रंगवाल्याला पुढची तारीख दिली आणि मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बेत दोघींचा होता, पण सासरे 'गुडघ्याचा फोटो मी दाखवतो' म्हणून तो पाकिटासकट बरोबर आले, आणि नको कसं म्हणणार? डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड सासूबाईंना तपासलं, कापसाच्या काडीनं नमुना घेतला, आणि अगदी दुकानातल्या उधारीवर बोलावं इतक्या सहज बोलल्या. लाजण्यासारखं यात काही नाही, या खोलीत रोज कितीतरी जणी हेच सांगतात. आत चांगले जंतू राहतात, तेच त्या जागेची राखण करतात. वय झालं की ते कमी होतात, आणि उरलेल्यांना तुम्ही साबणानं पळवून लावलंत. घर मोकळं पडलं, मग वाईट भाडेकरू घुसले.

सासूबाईंना हे पटेना. जन्मभर मी जंतू मारले आणि आता जंतूच चांगले म्हणता? तेव्हा पडद्याआडूनच मी (मी बाहेर सासऱ्यांना फोटो उलटा धरू नका सांगत होते) ओरडून विचारलं की आई, दुकानात लोकरीच्या कपड्यांवर पाटी काय लावलीय? ती पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली आहे: लोकर वरचेवर धुऊ नये, धुऊन धुऊन कापडाचा जीव जातो. रोज धुतलेला स्वेटर घेऊन येणाऱ्या बायकांना त्या त्या पाटीखाली उभं करतात! पडदा सरकला, सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "साबण बंद." बस्स. धंद्याच्या भाषेत सांगितलं की माणसाला पटतं.

आधी औषधाचा एक कोर्स, आणि तो संपल्यावर प्रोबायोटिक गोळ्या, असं ठरलं. प्रोबायोटिक म्हणजे चांगले जंतू, जिवंतच, गोळीत भरलेले. या गोळ्या गिळायच्या नसतात. त्यांना सपोझिटरी म्हणतात, दिसायला पांढऱ्या, निमुळत्या, आणि अंगाच्या उबेनं विरघळतात. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं की या गोळ्यांचा अभ्यास अजून चाललाय, सगळ्यांना लागू पडतातच असं नाही, पण तुमच्या बाबतीत करून बघू. हे सांगेपर्यंत सगळे टेबलाशी बसलो होतो, आणि मधोमध सासरे, मांडीवर गुडघ्यांचा फोटो घेऊन, माना डोलावत. त्यांच्याकडे बघून डॉक्टरीणबाईंची जीभ अडखळली. एवढी धीट बाई, पण तिनंही शब्द गिळला आणि म्हणाली, "थंड ठिकाणी ठेवायच्या, आणि झोपताना एक गोळी जागेवर ठेवायची." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी, जगात दुसऱ्या कोणाला 'जागेवर ठेवा' सांगितलं असतं तर चाललं असतं!

कोर्स संपला, सासूबाईंना बरं वाटलं, एकदा तर त्या गुणगुणल्यादेखील. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि काही दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. परत कलून बसणं, परत गप्प. मी विचारलं, गोळी ठेवता ना? त्या म्हणाल्या, रोज, न चुकता, जागेवर. मला कळेना. त्यांनी रंगवाल्याला निरोप धाडला की ये आणि काय ते एकदाचं उरकून टाक. मी हताश झाले. आणि नेमक्या त्याच सुमाराला सासऱ्यांनी एक आश्चर्य जाहीर केलं: बायकोच्या औषधानं त्यांचा स्वतःचा गुडघा बरा झाला! कुठलं औषध, विचारलं. ते म्हणाले, ते काय, फ्रिजमध्ये, अंड्यांच्या जागी. हातात धरली की लोण्यासारखी वितळते, चोळली की आराम पडतो.

मी फ्रिज उघडला. दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात, एकेका खळग्यात एकेक, पांढऱ्या गोळ्या टोक वर करून ओळीनं उभ्या होत्या. अंडी हद्दपार झाली होती. दररोज झोपायच्या आधी सासूबाई पेटीतून एक गोळी काढत होत्या आणि तिच्या जागेवर ठेवत होत्या. शिस्तीनं, श्रद्धेनं, फ्रिजचं दार हळूच लावून. जागेवरच्या गोळीनं बाहेरून काम करायचं, असं त्यांना वाटलं असेल, डास पळवायच्या वडीसारखं.

मी धावत दुकानात गेले. सासूबाई ड्रायरपाशी होत्या, आणि आमचा ड्रायर म्हणजे विमान उडाल्यासारखा आवाज करतो. मी म्हटलं, आई, ती जागा नव्हे! त्या म्हणाल्या, कुठली जागा? मी म्हटलं, गोळीची, आत ठेवायची! त्या म्हणाल्या, आतच तर ठेवलीय, बाहेर वितळेल! मी म्हटलं, तुमच्या आत! त्या म्हणाल्या, काय? मावशी, तेव्हा मला कळलं की आता पोट, गुडघा, कंबर कशानंही भागणार नाही, एकच शब्द उरलाय, आणि तो मी उभ्या जन्मात मोठ्यानं उच्चारलेला नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "योनीत, आई, योनीत!"

आणि ड्रायर थांबला. ते यंत्र कधी वेळेवर थांबत नाही, आम्ही त्याला लाथ मारतो तेव्हा थांबतं. पण त्या क्षणी ते आपणहून थांबलं. मी वळून बघितलं तर दारात रंगवाला, हातात मोजपट्टी ताणून उभा. पट्टीचं एक टोक त्याच्या हातून सुटलं आणि ती सळसळत डबीत परत गेली. तो म्हणाला की मी नंतर येतो. मी काउंटरखाली बसले, खरोखर खाली बसले. वर सासूबाईंचा आवाज आला नाही, म्हणून मान वर करून बघितलं, तर त्या ड्रायरला धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागच्या हिवाळ्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या, मावशी. हसता हसता म्हणाल्या की शब्द चांगला आहे गं, लहानसा, उगीच एवढं गावभर फिरलो.

नव्या गोळ्या आणल्या. (अंड्यांच्या कप्प्यातल्या सासऱ्यांनी संपवल्याच होत्या.) या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दिलं आणि स्वतःही शब्द उच्चारला. कशी, किती आत, आणि तसं करून उताणं पडून राहायचं, सगळं. सासूबाईंनी त्या जंतूंची अशी बडदास्त ठेवली की काय सांगू! त्यांना साबणाचा वास तरी सोसत असेल का, घट्ट कपड्यांनी त्यांचा जीव घुसमटेल का, सगळी चौकशी. ज्या बाईनं वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिन्यात चपला ठेवतो म्हणून काढला, ती आता म्हणते की या नव्या बिऱ्हाडाला नीट रुळू दे. उत्साहावर विरजण पडतं असं आपण म्हणतो. आमच्याकडे विरजण पडलं आणि उत्साह आला! गुण गोळ्यांनी आला, की साबण सुटला म्हणून, की मनातलं बाहेर पडलं म्हणून, ते डॉक्टरीणबाईसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. मी विचारतही नाही. जळजळ गेली, बाई स्टुलावर ऐसपैस बसायला लागली, आणि परवा सासऱ्यांबरोबर सिनेमाला जाऊन आली. सिनेमा कसा होता ते दोघांनाही सांगता येत नाही.

आणि मग रंगवाला परत आला. जरा बाजूबाजूनं आत शिरला, माझ्याकडे न बघता. त्याच्या बाहीवर हा एवढा हिरवा धब्बा. सासूबाईंनी विचारलं, हा कशाचा? इतकी वर्षं रंग विकणारा माणूस, पण सवय वाईट, म्हणाला चहाचा. सासूबाईंनी त्याचा शर्ट तिथेच उतरवून घेतला, डाग काढून, इस्त्री करून, त्याच्या अंगात घातला आणि सांगितलं की दुकान विकायचं नाही. माझा गुडघा बरा झालाय! तो बिचारा बनियनवर उभा होता तोवर त्याला काही बोलायचा धीरच झाला नाही.

आता नवीनच पंचाईत झालीय. सासऱ्यांनी गुडघ्याच्या या चमत्काराची दवंडी पिटली, आणि दुकानात बायका यायला लागल्या. एक चादर घेऊन येते, चादर द्यायला विसरते, इकडेतिकडे बघते आणि हळूच विचारते की तुमच्या गुडघ्याला काय केलंत? सासूबाई चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, कुठला गुडघा? बहुतेकींना लगेच कळतं. मग त्या दोघी कपड्यांच्या रांगेमागे जातात, आणि परत येताना त्या बाईची मान सरळ झालेली असते. सासूबाई स्वतः औषध सांगत नाहीत हं, डाग न बघता औषध लावणाऱ्यांपैकी त्या नव्हेत. सगळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे धाडतात. तिथे एकीला बुरशी निघाली, तिला वेगळंच औषध मिळालं. एकीला काहीच नव्हतं, नुसता साबण बंद केला. एक मात्र खरोखरच गुडघ्याची निघाली. तिला कपड्यांमागे नेऊन सासूबाईंनी बराच धीर दिला, तेव्हा ती घाबरून म्हणाली की अहो, जिना चढताना दुखतो हो फक्त! तिला सासऱ्यांचं तेल दिलं.

असं सगळं आहे. मशीन थांबलंय, आता कपडे काढायला हवेत. तुझा जावई नमस्कार सांगतो, सासरे दोन्ही गुडघ्यांसकट नमस्कार सांगतात. थोरामोठ्यांना माझं वाकून, आणि तुला कडकडून मिठी.

तुझीच,
गल्ल्यावरची भाची

ता. क. : मावशी, ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला तुझीच लागली, त्यामुळे आता भांडं पुढे करते. तुझं पत्र मी परत वाचलं. पहिल्या पानावर पोट बरं नाही म्हणून येत नाहीस. दुसऱ्या पानावर शेजारणीनं तळलेले मासे दिले ते सगळे खाल्लेस, आणि उरलेले सकाळी. तिसऱ्या पानावर हल्ली बसवत नाही म्हणून पेपर उभ्यानं वाचतेस. आणि शेवटी, एक नवीन औषधी साबण फार छान मिळालाय, दिवसातून तीनदा वापरते, तुझ्यासाठी पाठवू का? साबण पाठवू नकोस. आणि मला एवढंच कळव, तुझं पोट हे पोटच ना? की आपल्या घरचं पोट?

ता. क. दुसरा : उत्तर लिहायला लाज वाटत असेल तर लिहू नकोस, नुसती निघून ये. मी तुझ्या नावानं डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवलीय. रागावलीस तरी चालेल. लहानपणी मला काहीही झालं तरी तू उचलून डॉक्टरकडे न्यायचीस, मला विचारायचीस का कधी? एवढ्या वर्षांत तू एकदाही माझ्या घरी येऊन राहिली नाहीस, आणि मला तुझी फार आठवण येते. बस्स, हेच लिहायचं होतं, बाकी सगळी प्रस्तावना होती.

ता. क. तिसरा : विहीणबाईंना नमस्कार. सूनबाई कपडे काढायला आत गेली तेवढ्यात हे पत्र वाचलं. गल्ल्यावर उघडंच पडलं होतं, जागेवर नव्हतं. बहुतेक खरं आहे. माझ्या सुराबद्दल लिहिलंय ते खोटं आहे, आणि रेड्याचं मी नंतर बघून घेईन. चुरगळलं होतं म्हणून पत्राला इस्त्री केलीय, एका कोपऱ्यावर पिवळा डाग राहिला, तो मात्र खरोखर चहाचा आहे. विहीणबाई, या धंद्यात माझे केस पांढरे झाले. कापड हातात न घेता, नुसत्या सांगण्यावरून ओळखते. तुमचं पोट चहाचं आहे. या.